हळदीवर देतो

कळमनुरीत पैसे मागायला गेलेला माणूस पैशाचं नाव सगळ्यात शेवटी काढतो. आधी पावसाचं बोलणं होतं, मग कयाधूला पाणी किती आलं याचं, मग घरातलं आजारपण, पोराची पोलीस भरती, सोयाबीनवर पडलेली आळी. चहा येतो, बशीत ओतला जातो, संपतो. मग उठता उठता, चप्पल पायात सरकवताना, पाहुण्यानं नुसतं "मग ते आपलं..." एवढंच म्हणायचं आणि वाक्य सोडून द्यायचं. ज्याच्याकडं येणं आहे त्यानं ते अलगद झेलायचं. "हो हो, ध्यानात हाय." या अर्ध्या वाक्यावर आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या दुकानं चालली. ते वाक्य पूर्ण करणारा माणूस गावात उद्धट ठरतो आणि त्याचे पैसे आणखी उशिरा मिळतात.

माझा भाचा हिंगोली-नांदेड रस्त्याला लागून पाण्याचा धंदा करतो. पत्र्याच्या शेडमध्ये आरोचा प्लँट, एक छोटा हत्ती आणि शेडच्या भिंतीला टेकून उभे असलेले निळे जार. रोज सकाळी हॉटेलं, सलून, कृषी सेवा केंद्रं, शिलाईची दुकानं, काही घरं असा फेरा असतो. भरलेला जार ठेवायचा, रिकामा उचलायचा आणि दाराआड खिळ्याला अडकवलेल्या कार्डावर तारखेपुढं एक उभी रेघ ओढायची. महिना संपला की रेघा मोजायच्या. या धंद्यातली सगळ्यात नाजूक वस्तू आरोचा पडदा आहे असं कंपनीवाले सांगतात, पण तो पडदा पैसे टाकले की बदलून मिळतो. कार्डाचं तसं नाही. अकरा तारखेला जार आला होता की नव्हता, यावर दोन माणसांची आठवण एक व्हावी लागते, आणि आठवण गाळून देणारं यंत्र अजून निघालेलं नाही. "अकराला आम्ही लग्नाला गेलतो, दुकान बंद होतं," असं एकानं म्हणायचं. "बंद होतं म्हणून पायरीवर ठेवला व्हता," असं दुसऱ्यानं. कोणाचं लग्न, कुठं, जेवायला काय होतं, इथवर बोलणं जातं आणि वीस रुपयांचा प्रश्न वधूवरांच्या शुभाशीर्वादात विरून जातो.

तर या भाच्यानं एके दिवशी जाहीर केलं की आता वसुली बंद, आता ऑटोपे. "मामा, पाणी भरायला दोन तास लागतेत अन्‌ पैशे मागायला आख्खा दिवस." हिशेब खरा होता. त्याच्या वयाच्या मुलांना अर्धं वाक्य सोडून देण्याची कला येत नाही आणि ती शिकायला लागणारी चाळीस वर्षं त्यांच्याजवळ नसतात. त्यानं मला मोबाइलवर सगळं समजावून सांगितलं. एनपीसीआयनं जुलै २०२० मध्ये यूपीआय ऑटोपे सुरू केलं. गिऱ्हाइकानं एकदाच पिन टाकून परवानगी द्यायची. तिला मॅन्डेट म्हणायचं. मग दर महिन्याला ठरल्या तारखेला पैसे आपोआप इकडून तिकडं. पिन न टाकता किती रक्कम जाऊ द्यायची याची मर्यादा रिझर्व्ह बँकेनं भीत भीत वाढवत नेली: आधी दोन हजार, मग पाच हजार, मग २०२२ मध्ये पंधरा हजार. नव्या सुनेच्या हाती घरातल्या किल्ल्या अशाच एकेक करून जात असत. भाच्याच्या सगळ्यात तहानलेल्या गिऱ्हाइकाचं महिन्याचं बिलही या मर्यादेच्या आसपास फिरकत नाही, त्यामुळं त्याला ती वाढली काय नि न वाढली काय.

पॅन, शॉप अ‍ॅक्ट, बँक खात्याचं पान, शेडसमोर उभं राहून काढलेला फोटो हे सगळं चढवून झालं. मला गंमत वाटली ती वेळेच्या नियमाची. १ ऑगस्ट २०२५ पासून असं ठरलं आहे की ऑटोपेनं गर्दीच्या वेळी वसुलीला निघायचं नाही. सकाळी दहाच्या आधी, दुपारी एक ते पाच आणि रात्री साडेनऊनंतर, एवढ्याच वेळा त्याला मोकळ्या. कारण अर्थातच तांत्रिक आहे; भर दुपारच्या आधी आणि संध्याकाळी सगळा देश एकमेकांना पैसे पाठवत असतो, त्यात या आपोआप चालणाऱ्या व्यवहारांची भर नको. पण मला माझी आजी आठवली. दिवेलागणीला घरातून पैसा बाहेर द्यायचा नाही आणि कुणाकडं मागायलाही जायचं नाही, असा तिचा कायदा होता. त्या वेळी लक्ष्मी उंबऱ्याशी असते. मुंबईत बसलेल्या कोणा अभियंत्यानं यंत्रावरचा भार मोजता मोजता बरोबर आजीच्या दिवेलागणीवर येऊन थांबावं, आणि पाच ते साडेनऊ वसुली बंद असं फर्मान काढावं, हे वाचून मला तिचा चेहरा डोळ्यांपुढं आला. तिनं मान हलवून "मग, मी काय सांगत व्हते" असं म्हटलं असतं. एक चूक मात्र तिनं लगेच काढली असती. सकाळी दहाच्या आधी, म्हणजे भवानी व्हायच्याही आधी, दुकानदाराकडून पैसे न्यायचे? त्या वेळी उधारीवाला समोरून येताना दिसला तर माणसं शटर अर्धं खाली ओढून आत पूजा चालू असल्याचं भासवत. यंत्रानं दिवेलागण पाळली, भवानी पाळली नाही. निम्मा धर्म तरी राहिला, असं आजी म्हणाली असती.

आणखी एक सभ्यपणा या व्यवस्थेत आहे. पैसे न्यायच्या किमान चोवीस तास आधी ती कळवते: उद्या अमुक इतकी रक्कम तुमच्या खात्यातून जाईल. बसस्थानकाकडच्या एका हॉटेलवाल्या काकांवर या संदेशाचा जो परिणाम झाला, तो नियम करणाऱ्यांच्या स्वप्नातही आला नसेल. त्यांनी मॅन्डेट आनंदानं दिलं होतं. भाच्याच्या वडिलांशी त्यांचा घरोबा होता. पण चार तारखेला संदेश वाचला आणि ते बेचैन झाले. कढई पोराच्या हाती देऊन स्वतः शेडवर आले, खिशातून नोटा काढल्या, मोजून टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, "हे घे. आपले पैशे आपन द्यावं बाबा. कोनी न्यावं हे बरं दिसत न्हाई." भाच्यानं सांगून पाहिलं की काका, उद्या सकाळी ते आपोआप येणारच आहेत. काकांनी त्याच्याकडं असं पाहिलं की जणू त्यानं त्यांच्या घरात चोर येणार असल्याची तारीखवार बातमी दिली आहे आणि तरी दार उघडं ठेवायला सांगतो आहे. त्यांनी शेडच्या बाकावर बसूनच नातवाकडून मॅन्डेट थांबवून घेतलं. तेव्हापासून दर चार तारखेला ते रोख आणून देतात. पूर्वी त्यांच्याकडं भाच्याला तीन फेऱ्या माराव्या लागत. म्हणजे ऑटोपे यशस्वी झालं. फक्त आपोआप झालं नाही.

नेमानं देणं ही गोष्ट आमच्याकडं नवी आहे असं मात्र कोणी समजू नये. त्रिंबक नारायण आत्र्यांचं 'गांवगाडा' १९१५ साली निघालं. त्यात बलुत्याचा जो पसारा मांडला आहे तो वाचताना वाटतं, सगळं गाव एका मोठ्या मॅन्डेटवर चाललं होतं. सुतारानं वर्षभर औत दुरुस्त करावं, न्हाव्यानं डोकी करावीत, कुंभारानं मडकी पुरवावीत, आणि खळ्यावर रास पडली की ज्याच्या त्याच्या वाट्याचं धान्य त्यानं न्यावं. ही परवानगी कोणी पिन टाकून दिलेली नव्हती, ती जन्मासोबत येत होती आणि रद्द करायचं बटण त्यात कुठंच नव्हतं. मान आणि अपमान दोन्ही त्याच रासेतून मापले जात. ज्यांच्या वाट्याला फक्त अपमान आला त्यांना त्या व्यवस्थेची आठवण गोड वाटायचं कारण नाही, आणि मलाही ती गोड करून सांगायची नाही. पण एक शहाणपण तिच्यात होतं. देणाऱ्याच्या घरी माल आला की घेणाऱ्याची तारीख उगवत असे. पाच तारीख म्हणजे पाच तारीख, असा हट्ट खळ्यानं कधी धरला नाही.

त्याहून जुनी दानपत्रं तर महिन्यावर समाधान मानतच नाहीत. देवळातल्या दिव्याला तेल, पुजेला फुलं, ब्राह्मणाला जमीन, जे काही दिलं असेल ते 'आचंद्रार्क', चंद्रसूर्य असेतोवर. शिलाहारांच्या आणि यादवांच्या काळातले गधेगाळ म्हणून जे दगड कोकणात आणि इतरत्र सापडतात, त्यांच्या माथ्यावर चंद्र आणि सूर्य मुद्दाम कोरलेले असतात; ती त्या मॅन्डेटची अंतिम तारीख. मधे दानाचा मजकूर. आणि तळाशी, हे दान जो बंद पाडील त्याच्यासाठी गाढवाचं एक असं चित्र, की सहलीला आलेले गुरुजी तिथं पोरांना भराभर पुढं हाकलतात. आता चित्र नाही, कलम आहे. चेक परतला तर १३८, आणि खात्यातून आपोआप जाणारी रक्कम पैसे नसल्यामुळं परतली तर २००७ च्या कायद्याचं कलम २५. दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्हीही. भाच्यानं हे मला कौतुकानं वाचून दाखवलं. पाण्याच्या जारासाठी तो कोणावर खटला भरणार नाही हे त्याला आणि मला दोघांनाही माहीत होतं. तरी कायदा आपल्या बाजूला उभा आहे म्हटल्यावर माणूस जरा ताठ बसतो. गधेगाळ रोवणारेही असेच ताठ बसत असतील.

अंतिम तारखेवरून आमच्या आळीतल्या निवृत्त गुरुजींचं सांगायला हवं. वय ऐंशीकडं झुकलेलं, एकटे राहतात, दर तिसऱ्या दिवशी एक जार. पेन्शन ठरल्या वेळी येते, त्यामुळं ऑटोपेला याहून आदर्श गिऱ्हाईक मिळणार नाही. भाच्यानं त्यांच्या मोबाइलवर विनंती पाठवली. शाळेत प्रगतिपुस्तक तपासावं तसं गुरुजींनी चष्मा पुसून ती ओळ न्‌ ओळ वाचली. रक्कम बरोबर. तारीख बरोबर. मग ते एका ओळीशी थांबले. भाच्यानं वैधतेची मुदत बदलली नव्हती. यंत्रानं आपणहून भरलेलं साल तिथं होतं, चांगलं पुढच्या अर्ध्या शतकाजवळ नेणारं. गुरुजींनी मनात वजाबाकी केली असावी. "एवढी वर्षं पाणी पुरवशील?" त्यांनी विचारलं. भाचा गडबडला, "गुरुजी, ती तारीख अशीच येते, कमी करून देऊ का?" गुरुजी म्हणाले, "राहू दे. माझ्यावर इतक्या लांबचा भरवसा डॉक्टरनंबी कधी ठेवला न्हाई." आणि त्यांनी पिन टाकला. त्या दिवशी शेजारपाजाऱ्यांना ते बोलावून बोलावून सांगत होते, की आपला पाण्याचा करार झालाय. कराराचं साल सांगताना त्यांचा आवाज किंचित चढत होता.

आमच्या जिल्ह्यात या सगळ्यावर अधिकारानं बोलू शकेल असा एकच माणूस होऊन गेला. नरसीचे नामदेव. कयाधूकाठची नरसी हे त्यांचं जन्मगाव मानतात, हिंगोलीहून जवळच. बापानं, दामाशेटीनं, कापड विकायला बाजारात पाठवलं तर हा पोरगा नामस्मरणात बसला, आणि शेवटी रानातल्या दगडांनाच कापड उधार देऊन आला, अशी कथा सांगतात. दगडांनी मुदतीत पैसे द्यायचं कबूल केलं, म्हणजे नाकारलं नाही. एका धोंड्याला त्यानं जामीन धरलं. मुदत भरली, दगडांनी पैसे दिले नाहीत, तेव्हा पोरानं जामीनदाराला उचलून घरी आणून कोंडलं. बाप येऊन पाहतो तर धोंडा सोन्याचा. भक्तीचा अर्थ जाणकारांनी सांगावा. मला यात एका व्यापाऱ्याच्या पोराचा चोख रिवाज दिसतो. माल दिला, मुदत घातली, जामीन घेतला, मुदत टळल्यावर जामीन उचलला. चुकलं काहीच नाही, गिऱ्हाईक तेवढं दगड होतं. असं गिऱ्हाईक भाच्याच्या यादीतही दोन-चार आहे, आणि त्यांचा धोंडा अजून कोणालाही सापडलेला नाही.

उधारीचं आयुष्य आमच्याकडं नाण्यापेक्षा मोठं असतं. मराठवाडा निजामाकडं होता तेव्हा इथं हाली सिक्का चाले. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार. आजोबांच्या वहीत काही नावांपुढं हालीतले आकडे होते. १९४८ ला संस्थान गेलं, पुढं दहाएक वर्षांत सिक्काही गेला, पण ती नावं वहीत तशीच बसून राहिली. आजोबा अधूनमधून वही उघडत आणि साताचे सहा करून पाहत. येणं थोडं कमी व्हायचं, एवढंच. बँकसुद्धा याच मातीतली होती. १९४२ मध्ये कारभार सुरू केलेली हैदराबाद स्टेट बँक, जिला आम्ही शेवटपर्यंत एसबीएच म्हणत राहिलो. १ एप्रिल २०१७ ला ती स्टेट बँकेत मिसळली. पाटी बदलली तरी गावातली म्हातारी माणसं अजून "एसबीएचात" पेन्शन आणायला जातात आणि योग्य ठिकाणी पोचतात.

पहिल्या महिन्याच्या पाच तारखेला मी मुद्दाम सकाळीच शेडवर गेलो. दहाच्या आत पैसे पडू लागले. गुरुजींचे पडले, दोन शिक्षकांचे, एका तलाठ्यांचे, एका औषधवाल्याचे. मोबाइल किणकिणत होता आणि भाचा काहीही न करता बसला होता, ही गोष्ट त्याला जड जात होती. मग दुपारी एकच्या पुढं दुसरी किणकिण सुरू झाली. छोट्या हत्तीचा हप्ता गेला. प्लँटच्या कर्जाचा हप्ता गेला. टेबलावर बसून रक्कम ओरडून सांगणाऱ्या त्या छोट्या डब्याचं महिन्याचं भाडं गेलं. ऑटोपे त्यानं दुसऱ्यांवर लावलं होतं, तसं त्याच्यावरही कितीजणांनी आधीच लावून ठेवलं होतं. सकाळी आलेले पैसे दुपारच्या गाडीनं पुढं निघून गेले; त्याचं खातं म्हणजे वारंगा फाटा झालं होतं, थांबतात सगळे, उतरत कोणी नाही. संध्याकाळी पिग्मीवाला आला. पिग्मी ही १९२८ सालची कल्पना, उडुपीच्या टी. एम. ए. पैंची, रोज दोन आणे घरी येऊन न्यायचे आणि माणसाला नकळत शिलकीची सवय लावायची. ऑटोपेच्या आधी जवळजवळ शंभर वर्षं, सायकलवरचं. भाच्यानं हात जोडले, "आज न्हाई हो काका, उद्या डबल." पिग्मीवाल्यानं वहीत काहीतरी लिहिलं, बाकावर बसून एक पेला पाणी पिलं आणि गेला. त्याला दंड लावता येत नाही. परत पाठवता येतं ते फक्त त्याला, आणि तो उद्या येतो.

राहता राहिले पाटील. गावाकडं शेती, मुलांच्या शाळेसाठी घर कळमनुरीत. रोज एक जार. त्यांनी मॅन्डेटची सगळी हकीकत शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "द्यायचे तर हायेतच. हळदीवर देतो." आमच्या भागात याला कोणी टोलवाटोलवी म्हणत नाही. मे-जूनमध्ये बेणं लावायचं, नऊ महिने राखायचं, मग काढणी, शिजवणं, वाळवणं, ढोल लावून पॉलिश, आणि मग वसमतला नाहीतर हिंगोलीला नेऊन भाव बघायचा. सोयाबीनचे पैसे दिवाळीत उडून जातात. हळदीचे पैसे घरातली अवघड कामं करतात. लग्नं हळदीवर होतात, बोअर हळदीवर पडतं, दवाखान्याचं बिल हळदीवर फिटतं. "हळदीवर देतो" या दोन शब्दांत नीट पाहिलं तर मॅन्डेटचे सगळे रकाने भरलेले आहेत: कोण देणार, किती देणार, कधी देणार, आणि पीक गेलं तर काय. शेवटचा रकाना कोणत्याही बँकेच्या अर्जात मला दिसलेला नाही.

भाचा हट्टाला पेटला. त्यानं वारंवारितेची यादी उघडली. रोज, आठवड्याला, पंधरवड्याला, महिन्याला, दोन महिन्यांनी, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षाला. वर्षाला ठेवलं तरी एक ठरलेली तारीख द्यावी लागणार, आणि हळद तारीख मानत नाही. मग अगदी खाली एक पर्याय सापडला: मागणी येईल तेव्हा, ठरलेल्या कमाल रकमेपर्यंत. भाचा ओरडलाच, "मामा, हे बघा, हळदीवर!" पाटलांनी कमाल रक्कम पाहिली, मान डोलावली आणि पिन टाकला. मग त्यांना शंका आली. "पन हळद विकली हे त्या मशीनला सांगनार कोन?"

"मी सांगनार ना. तुमाला इचारून."

"मंग ये इचारायला," पाटील म्हणाले.

म्हणून आता काढणी संपली की भाचा पाटलांकडं जातो. मागच्या खेपेला मीही सोबत होतो. आधी पावसाचं झालं, मग कयाधूचं, मग धाकट्याच्या भरतीचं. अंगणात वाळून कडक झालेली हळद ताडपत्रीखाली पडली होती, पाटलांनी एक कांडी मोडून आतला रंग आम्हाला दाखवला. चहा आला, बशीत ओतला गेला, संपला. भाचा उठता उठता चप्पल पायात सरकवत म्हणाला, "मग ते आपलं..." पाटील म्हणाले, "भाव जरा वर येऊ दे." भाच्यानं खिशातून मोबाइल काढला, वसमतचा त्या दिवशीचा भाव पाहिला आणि म्हणाला, "थांबाच तुमी पाटील. आत्ता देऊच नका."